रोसिओच्या चौकात आम्ही तिघी

खरं सांगायचं तर मी या सदरातले अनुभव वाचते ते खोडून काढायला. कोणाला जिन्यात पावलं वाजली की मी मनात म्हणणार — लाकूड फुगलं असेल. कोणाला गेलेली आत्या दिसली की — ताप असेल. अठरा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काढली आहेत. एखादी गोष्ट पुन्हा करून दाखवता येत नसेल, तर ती घडलीच नाही असं धरायचं, हेच आमचं शिक्षण. घरात देव आहेत, पण ते आईनं दिले म्हणून. त्यापलीकडे या विषयाशी माझा संबंध नव्हता.

आता मी स्वतःच लिहायला बसलेय... कोणी मला खोडून काढलं तर बरंच वाटेल.

आम्ही टोकियोत राहतो, निशी-कसाईला. मी, नवरा निखिल आणि दहा वर्षांची इरा. माझं ऑफिस ओतेमाचीला, मेट्रोच्या तोझाई लाइननं सरळ. मूळची मी अलिबागजवळच्या चौलची. आई तिथेच दादा-वहिनीकडे असायची. आमच्या घरात आगरी बोली बोलतात. पुण्याला शिकायला गेल्यावर माझी ती सुटली. होस्टेलवर मुली हसायच्या म्हणून मी सोडली, असं म्हटलं तर जास्त खरं ठरेल. आईशी फोनवर मी शुद्ध मराठीत बोलायचे, आणि हळूहळू तीही माझ्याशी तसंच बोलायला लागली.

गेल्या वर्षी मार्चच्या पहिल्या आठवड्यात ऑफिसनं मला आणि मोरिता-सानना लिस्बनला पाठवलं. आमच्या प्रोजेक्टची एक टीम तिथे आहे आणि मार्चअखेरीस नवी सिस्टीम सुरू व्हायची होती. जपानमध्ये मार्चअखेर म्हणजे काय ते इथे नोकरी करणाऱ्यांना सांगायला नको.

मोरिता-सान माझ्या सीनियर. पन्नाशीच्या पुढच्या, एकट्या राहणाऱ्या. आठ वर्षं शेजारच्या टेबलावर बसून मला त्यांच्याबद्दल तीन गोष्टी माहीत होत्या. त्या बाराला पाच कमी असताना डबा उघडतात, कधी रजा घेत नाहीत, आणि त्यांचं गाव दक्षिणेला, अमाकुसा नावाच्या बेटावर आहे. बस.

शनिवारी आम्ही पोचलो. रविवारी तिथल्या टीममधला रुई आम्हाला शहर दाखवायला आला. तिशीतला, सतत हसणारा मुलगा. (आमच्याकडे मारुतीला रुईच्या पानांची माळ घालतात हे मी त्याला सांगितलं, तर तो भलताच खूश झाला.) मी चौलची म्हटल्यावर तो म्हणाला, "शाउल! आम्हाला शाळेत होतं ते." रेवदंड्याच्या किल्ल्यात आम्ही लहानपणी बोरं खायला जायचो. तो किल्ला यांच्याच लोकांनी बांधलेला. गंमत वाटली, इतकंच.

दिवस अगदी मळभाचा होता. पाऊस नव्हता, पण सगळं ओलसर, राखाडी. फिरत फिरत साडेतीन-चारच्या सुमारास आम्ही रोसिओला आलो. लिस्बनमधला हा सगळ्यात जुना नावाजलेला चौक. मधोमध उंच खांबावर राजाचा पुतळा, दोन बाजूंना दोन कारंजी, आणि सबंध जमिनीवर काळ्या-पांढऱ्या दगडांच्या लाटा. सपाट फरशी, पण नजरेला ती हलतेय असंच वाटत राहतं. मला थोडी चक्कर आली. जेट लॅग होताच. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण तुमच्यातला कोणी ते म्हणणारच आहे.

रुई सांगत होता, समोर थिएटर आहे ना, तिथे पूर्वी धर्मपीठाचं न्यायालय होतं. या चौकात माणसांना शिक्षा वाचून दाखवायचे आणि नंतर जाळायचे. समुद्रापलीकडून आणलेले गुलामही या भागात विकले जायचे. कुठले कुठले... आफ्रिकेतले, भारतातले, काही जपानमधलेसुद्धा. मोरिता-सान "असं होय" म्हणून मान हलवत होत्या. मग त्याचं आमच्या चेहऱ्यांकडे लक्ष गेलं असावं. "बसा तुम्ही, मी कॉफी आणतो," म्हणून तो गेला.

कारंज्याच्या दगडी कठड्यावर एक म्हातारी बसली होती. काळा कोट, डोक्याला रुमाल, मांडीवर कापडी पिशवी, त्यातून कोथिंबिरीची जुडी डोकावत होती. आम्हाला बघून तिनं पिशवी जवळ ओढून घेतली, पण ती सरकली नाही, दोन्ही बाजूंना एकेकीपुरती जागा राहिली. म्हणून मोरिता-सान तिच्या एका बाजूला बसल्या आणि मी दुसऱ्या. चौकात गर्दी होती. ट्रॉली बॅगा ओढणारे प्रवासी, फोटो काढणारी पोरं... कुठेही काही विचित्र नव्हतं.

पाचेक मिनिटं गेली असतील. मी कारंज्याच्या पाण्याकडे पाहत होते आणि माझ्या डाव्या कानाशी, अगदी जवळून, कोणीतरी म्हणालं,

"घरा जा गो बाय. आता घरा जा."

बाईचा आवाज. घाई नाही, राग नाही. संध्याकाळी अंगणात खेळत राहिलेल्या पोरीला शेजारीण म्हणते ना, तसा.

मी वळले. डावीकडे ती म्हातारीच होती. ती समोर बघत होती, ओठ घट्ट मिटलेले. मग सावकाश तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं, मग मोरिता-सानकडे. तिच्या डोळ्यांत काय होतं ते तेव्हा मला कळलं नाही. राग असावा असं वाटलं. मी इंग्रजीत म्हटलंसुद्धा, "सॉरी?" तिनं पिशवी उचलली आणि त्या लाटांच्या फरशीवरून तरातरा निघून गेली. तिच्या वयाच्या मानानं फारच भरभर.

रुई कॉफी घेऊन आला. मोरिता-सान उभ्या राहिल्या, म्हणाल्या, "मला जरा थंडी वाजतेय, हॉटेलवर जाऊ या का?" चेहरा पांढरा पडलेला. मला वाटलं, थकल्या असतील.

काय बोलणार? लिस्बनमध्ये एक म्हातारी माझ्याशी आगरीत बोलली?

सोमवारी सकाळी मी घरी फोन लावला. तिकडे दुपार होती, आई सुकट निवडत बसली होती.

"आई, तब्येत बरी आहे ना?"

"मला काय धाड भरलीय? आज भरदुपारी कसा फोन?"

"सहज."

"सहज कुठं असतं तुझं," ती हसली. "काम कर तुझं. मे महिन्यात येताय ना सगळी? इरासाठी आंब्याची साठं घालते यंदा."

मी दादालाही विचारलं. तो म्हणाला, आई ठणठणीत आहे. मला सुटल्यासारखं झालं. शंका आली, तपासली, काही सापडलं नाही... विषय बंद. मी हॉटेलच्या नाश्त्याला खाली गेले.

मोरिता-सान तिथे नव्हत्या. फोनवर त्यांचा मेसेज होता. घरगुती कारणामुळे तातडीनं परतावं लागतंय, आपल्याला फार त्रास देतेय, क्षमा असावी. पहाटेच्या विमानानं त्या निघून गेल्या होत्या. ज्या बाईनं आठ वर्षांत तापातसुद्धा रजा घेतली नाही, ती कामाच्या आदल्या रात्री निघून जाते म्हणजे घरून काहीतरी वाईट कळलं असणार. मला वाईट वाटलं. आणि आता खोटं कशाला बोलू, रागही आला. आठवडाभराचं दोघींचं काम मी एकटीनं ओढलं.

टोकियोला परत आल्यावर एका संध्याकाळी मी निखिलला सगळं सांगितलं. तो लगेच हसला नाही, हे त्याचं श्रेय.

"जाऊन ये ना मग. चार दिवस. मी बघतो इराला."

"आई बरी आहे रे. आणि मोरिता-सान कधी येणार माहीत नाही. मीही गेले तर रिलीज कोण बघणार?"

"वैशाली, तुला जायचंय का नाही, ते सांग."

मी म्हटलं, मे महिन्याची तिकिटं काढलीच आहेत. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी विषय काढून पाहिला. मॅनेजर नम्रपणे म्हणाले, "मोरिता-सान नाहीत... त्यामुळे वैशाली-सान, या महिन्यात जरा कठीण आहे." जपानीत "जरा कठीण" म्हणजे नाही. मी आग्रह धरला नाही. खरं तर नाही म्हणाले याचं मला थोडं बरंच वाटलं. कानात ऐकू आलेल्या एका वाक्यासाठी सातासमुद्रापार धावणाऱ्यातली मी नाही, हे सिद्ध झाल्यासारखं.

चौकातल्या त्या रविवारनंतरच्या दुसऱ्या बुधवारी, दुपारी, मी क्लायंटकडे जायला म्हणून मेट्रोत होते. फोन सायलेंटवर होता, इथे गाडीत तसाच ठेवतात. उतरल्यावर पाहिलं तर दादाचे सात मिस्ड कॉल.

आई कपडे वाळत घालत होती. वहिनी आतून चिमट्यांची टोपली घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं.

मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. तोंड बघायला मिळालं नाही. वहिनीनं मला मिठी मारली आणि मग, रडत रडत, जे सांगितलं ते मी विसरू शकत नाही. आईच्या छातीत तीन आठवडे दुखत होतं. गॅस आहे म्हणून ओवा खायची. वहिनीला तिनं शपथ घातली होती, वैशूला सांगू नकोस, ती तिकडे जीव टाकेल.

म्हणजे मी फोन केला त्या सोमवारीही दुखत होतंच. मी विचारलं होतं. नीट, दोनदा विचारलं होतं.

एप्रिलमध्ये एका शनिवारी दुपारी मोरिता-सान आमच्या घरी आल्या. त्या तोवर दीर्घ रजेवरच होत्या. हातात अमाकुसाच्या संत्र्यांची पेटी. आधी त्या आईच्या फोटोसमोर गुडघे टेकून बसल्या, हात जोडले, बराच वेळ डोळे मिटून राहिल्या. मग माझ्याकडे वळून जमिनीला डोकं टेकवलं.

"मी निघून गेले म्हणून तुम्हाला जाता आलं नाही," त्या म्हणाल्या. "माझ्यामुळे झालं हे."

मी म्हटलं, "तुमच्या घरून फोन आला होता. तुम्हाला जावंच लागणार होतं."

"फोन आला नव्हता."

इरा टेबलाशी बसून संत्रं सोलत होती. निखिल चहा ओतत होता. मला आठवतं, त्याचा हात थांबला.

"माझी आई एकटीच राहायची," मोरिता-सान म्हणाल्या. "मी बारा वर्षं घरी गेले नव्हते. भांडण होतं. काय भांडण, ते आता सांगण्यासारखंही नाही. त्या दिवशी चौकात, त्या आजीबाई आपल्यामध्ये बसल्या होत्या ना... त्या मला म्हणाल्या, 'हायो मोदोरांने.'"

मला कळलं नाही. माझं जपानी ऑफिसचं. इरानं मान वर केली. "माझ्या शाळेत असं कोणी नाही बोलत," ती जपानीतच म्हणाली.

"टोकियोत नाहीच बोलत," मोरिता-सान म्हणाल्या. "आमच्या बेटाकडची बोली आहे. 'लवकर परत ये गं,' असा अर्थ. मी तिथून निघाल्यापासून ही बोली माझ्याशी कोणी बोललं नव्हतं. मी रात्रभर बसून राहिले आणि पहाटे विमानतळावर गेले. मला स्वतःची लाज वाटत होती, म्हणून तुम्हाला खरं कारण लिहिलं नाही."

त्या घरी पोचल्या तेव्हा त्यांची आई मागच्या वाफ्यात मुळे उपटत होती. धडधाकट. लेकीकडे पाहून म्हणाली, पायातले काढून ये, आणि दोन माणसांचा भात लावला. चार दिवस दोघी एकत्र राहिल्या. भांडणाचा विषय कोणीच काढला नाही. पाचव्या दिवशी सकाळी आई उठलीच नाही.

मग मी सांगितलं. मी काय ऐकलं, कुठल्या बोलीत ऐकलं, आणि ऐकून काय केलं... म्हणजे काय केलं नाही. मोरिता-साननी माझा हात हातात घेतला. त्यांच्यासारख्या बाईच्या दृष्टीनं हे केवढं मोठं, ते इथे राहणाऱ्यांना कळेल.

आता माझ्यातली टेस्टर जागी झाली. दोन माणसांनी, एकाच वेळी, एकाच जागी... म्हणजे तिथे काहीतरी होतं. मी रुईला लिहिलं. त्या दिवशी कॉफी आणताना त्यानं लांबून आमचे फोटो काढले होते, ते मागवले. चार फोटो, एकामागोमाग एक. मोरिता-सान, म्हातारी, मी. ती स्पष्ट दिसतेय. कोट, रुमाल, कोथिंबीर सगळं. म्हणजे ती होती, हाडामांसाची होती. चारही फोटोंत तिचं तोंड मिटलेलं. आमचीही. रुई म्हणाला, "मला तर वाटलं, दमून तिघी गप्प बसल्यात." अर्थात चार फोटोंनी काही सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं.

मी त्याला विनंती केली, जमलं तर तिला शोध आणि विचार, ती काय म्हणाली होती.

तीन आठवडे काहीच नाही. मग एका संध्याकाळी त्याचा व्हिडिओ कॉल आला. मी मोरिता-साननाही जोडून घेतलं. रुई त्याच्या नेहमीच्या चेहऱ्यानं हसत नव्हता.

"सापडल्या त्या. इल्दा नाव. चौकाजवळच्या चर्चमध्ये रविवारी येतात. मी फोटो दाखवला तर माझा हातच धरला त्यांनी. म्हणाल्या, या दोघींना मी किती दिवस शोधतेय."

"शोधतायत? कशासाठी?"

"त्या काहीच बोलल्या नव्हत्या, वैशाली. त्या म्हणतात, बोललात तुम्ही."

मला वाटलं, त्याचं इंग्रजी ऐकण्यात माझी काहीतरी चूक होतेय. मी म्हटलं, परत सांग.

"त्या म्हणतात, दोन परदेशी बायका माझ्या दोन बाजूंना बसल्या, आणि दोघी एकदमच मला म्हणाल्या — घरी जा. पोर्तुगीजमध्ये. आणि साध्या नाही, त्यांच्या उत्तरेकडच्या डोंगरातल्या गावचं पोर्तुगीज. त्यांची आई बोलायची तसं. त्या घाबरल्या आणि उठून घरी गेल्या."

मोरिता-साननी तोंडावर हात ठेवला होता.

"घरी?" मी विचारलं.

"नवरा स्वयंपाकघरात पडला होता. बोलता येत नव्हतं, एक बाजू गेलेली. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर वाचले नसते. आता ते काठी घेऊन चालतात. मी घरी जाऊन आलो त्यांच्या. त्यांनी मला सूप वाढलं. आणि त्यांनी तुम्हाला निरोप दिलाय. म्हणाल्या, माझा माणूस त्यांच्यामुळे वाचला. दोघींचे आभार मान."

मोरिता-सान हळूच म्हणाल्या, "पण आम्ही काहीच बोललो नव्हतो."

"मी सांगितलं त्यांना. त्यांचा विश्वास बसत नाही."

मी ऑफिसला जाते, सुट्टीच्या दिवशी इराला पोहायला नेते, सगळं चालू आहे. पण डोक्यात तेच. तिघी होतो. प्रत्येकीला वाटलं, बाजूची बोलली. एकीला चार दिवस मिळाले, एकीचा नवरा वाचला. त्या दोघी ऐकताच उठल्या. मला दहा दिवस दिले होते, मी फोन करून खात्री करून घेतली आणि कामाला लागले. त्या चौकात कधीकाळी घरापासून तोडून आणलेली माणसं उभी केली गेली असतील, त्यांचंच काही तिथे राहिलं असेल, असं निखिल एकदा म्हणाला. मी त्याला गप्प केलं. मला ती गोष्ट करायची नाहीये. माझ्याकडे पुरावा नाही. मोरिता-सानकडे नाही, रुईकडे नाही. योगायोग म्हणाल तर म्हणा, मीही पुष्कळदा म्हणून पाहते. एका वाक्याचा योगायोग मला समजतो. तीन बोलींचा समजत नाही.

आणि ते आभार. त्यांचं काय करायचं तेही मला कळलेलं नाही. जिच्या कानाशी मी शब्दही उच्चारला नाही, ती बाई तिकडे माझ्या नावानं मेणबत्ती लावते म्हणे. इकडे माझ्या आईला मी एवढंच विचारू शकले, तब्येत बरी आहे ना... आणि तेही पुस्तकी मराठीत.

कॉलच्या शेवटी रुईनं विचारलं होतं, "मग काय सांगू त्यांना?"

मी म्हटलं, "सांग, आजोबांना एकटं सोडून चौकात बसू नका म्हणावं."

तो बरं म्हणाला. मी लॅपटॉप बंद केला आणि आतल्या खोलीत जाऊन, दार लावून, पंचवीस वर्षांनी पहिल्यांदा आगरीत आईशी बोलले. अडखळत. बरेचसे शब्द आठवत नव्हते.